नऊ नंबरचे पाच फाउल

गेल्या महिन्यात तुम्ही दोघांनी व्हिडिओ कॉलवर तुमच्या कॉलेजचं बास्केटबॉलचं मैदान दाखवलंत आणि विचारलंत, "आजी, तुला यातलं काही कळतं का?" मी "थोडंफार" म्हणाले आणि विषय बदलला. ते खरं नव्हतं. नांदेडच्या कॉलेजात तुमचे आजोबा क्रीडा संचालक होते आणि मी इंग्रजी शिकवत होते, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्यांच्या सामन्यांची स्कोअरशीट सतरा वर्षं मी लिहिली, हे मात्र कधी सांगितलं नाही. क्रीडा विभागात सरळ रेघ ओढणारं कुणी नव्हतं, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. कुणी बास्केट केलं, कुणाचा कितवा फाउल, सगळं जर्सीच्या नंबराप्रमाणे मांडायचं. एखाद्या नंबरचे पाच फाउल भरले की मी घंटी वाजवायची आणि त्या मुलीनं बाहेर जाऊन बसायचं.

विषय का बदलला ते आता लिहिते. तुम्हाला ते दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.

मी अजून रोज सकाळी कॉलेजच्या मैदानावर फिरायला जाते. फेऱ्या झाल्या की बास्केटबॉल कोर्टाच्या पायऱ्यांवर आम्ही चौघं बसतो. रसायनशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक, खेळाच्या सामानाचं दुकान चालवणारे एक भाऊ, मी, आणि माझी एक जुनी विद्यार्थिनी. ही विद्यार्थिनी एकेकाळी आमच्या मुलींच्या संघाची कॅप्टन होती, आता शाळेत शिकवते. या तिघांना कॉलेजच्या मुलींच्या संघाचं वेड आहे. संघ हरतो, हे दुसऱ्या दिवशी येऊन भांडतात.

यंदा विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन अंतिम सामन्यात लातूरच्या एका कॉलेजनं आमच्या दुपटीहून जास्त गुण केले. तीन वर्षांपूर्वीपर्यंत हाच संघ पहिल्या फेरीत घरी जायचा. दुसऱ्या दिवशी पायऱ्यांवर कुणालाही दुसरा विषय सुचेना.

"बाहेरून पोरी आणल्या असतील," प्राध्यापक म्हणाले. "निलंग्याच्या पलीकडं कर्नाटकच आहे."

"बाहेरून कशाला आणाव्या लागतात, सर?" दुकानवाले भाऊ म्हणाले. "सगळ्या महाराष्ट्राची लेकरं लातूरला क्लास लावून राहिलीत. त्यातल्याच चार उंच पोरी धरल्या असतील. आता बास्केटबॉलचाबी लातूर पॅटर्न निघाला म्हणायचा!"

"ज्यांना प्यायचं पाणी रेल्वेनं पाठवावं लागलं, ते आपल्याला खेळ शिकवणार!" प्राध्यापक म्हणाले.

"सर, पोरी तिथल्याच आहेत," कॅप्टन म्हणाली. "औसा, रेणापूर, निलंगा. मी विचारलंय. सकाळी साडेपाचला कोर्टावर हजर असतात. आपल्या साडेसातला येतात आणि आधी रील काढतात."

"तू कोणाच्या बाजूनं हायस गं बाई?"

"भाऊ, मी हाय ते सांगून राहिले. सगळं त्यांच्या कोच मॅडमचं काम आहे. ती जुनी खेळाडू. आपल्याविरुद्ध फायनल खेळली होती, नऊ नंबर. तुम्हाला आठवते ना, मॅडम?"

मी हो म्हणाले. 

"पाच फाउल करून बाहेर बसली होती तीच का?" भाऊ हसले. "लई धसमुसळी होती की! म्हणजे आपल्या स्पोर्ट्सच्या सरांनी तेव्हा हरवलं त्याचा बदला घेऊन राहिली."

त्या हसण्यातूनच कल्पना निघाली. बत्तीस वर्षांपूर्वीचा तो सामना, ज्यात हीच आमची कॅप्टन होती, म्हणजे आमच्या मुलींचं आजवरचं एकमेव विजेतेपद. त्या संघाचा सत्कार करायचा, स्मरणिका काढायची, आणि कोर्टाला तुमच्या आजोबांचं नाव द्यायचं. आजोबांना जाऊन सहा वर्षं झाली. हयातभर त्यांनी पोरी घडवल्या आणि त्यांच्या नावावर तो एकच करंडक आहे. प्राध्यापक म्हणाले, "लातूरवाल्यांना कळू द्या, पहिले कोण होतं ते. मॅडम, सामन्याचं वर्णन तुम्हीच लिहा. शीट तुमच्याच हातची." मी घरी येऊन टेबलाशी बसले आणि चार दिवस कोऱ्या कागदाकडे बघत राहिले. त्या सामन्याचं खरं लिहिलं तर तो करंडक आजोबांचा राहणार नव्हता.

झालं होतं ते असं.

सामना नांदेडलाच, आमच्या कोर्टावर होता. लातूरहून दहा मुली एसटीनं आल्या आणि त्यांच्याकडे जर्सी निघाल्या सात. कॉलेजनं तेवढ्याच दिल्या होत्या. बदली खेळाडू आत जाताना बाहेर येणारीची जर्सी घालणार, असं त्यांच्या मॅनेजर बाईंनी सांगितलं. त्या गृहविज्ञानाच्या प्राध्यापिका होत्या, खेळातलं त्यांना काही कळत नव्हतं आणि त्या फार संकोचल्या होत्या. नियमात हे बसत नाही. पण पंच म्हणाले, चालू द्या, इतक्या लांबून आल्यात. तुमचे आजोबाही म्हणाले, चालू द्या. मी विचारलं, "मग फाउल कुणाच्या नावावर मांडू? नंबर एक आणि मुली दोन." आजोबा म्हणाले, "अगं, सुरू तर कर. वेळ आली की बघू."

दोन मुली ओढणी धरून उभ्या राहायच्या आणि तिच्याआड जर्सी बदलली जायची. घामानं ओली झालेली जर्सी दुसरी मुलगी तशीच अंगात घालायची. आमची मुलं शिट्ट्या वाजवत होती. मला त्या मुलांचा राग आला होता, हे मला अजून आठवतं. म्हणजे मी तेव्हा निष्ठुर नव्हते.

नऊ नंबर घालून सुरुवातीला जी खेळत होती ती उंच, काटक, निलंग्याकडच्या शेतकऱ्याची मुलगी. आमच्या मुलींना ती आवरत नव्हती. पूर्वार्धात तिला दहा मिनिटं विश्रांती दिली, तेव्हा तीच जर्सी घालून एक ठेंगणी मुलगी आली आणि तिनं धडाधड तीन फाउल केले. मी ते नऊ नंबरपुढे मांडले. पण मला घोटाळा खपत नाही. म्हणून त्या तिन्ही खुणांवर मी पेन्सिलीनं बारीक ठिपके दिले. वेळ आली की बघता येईल, म्हणून.

वेळ आली तेव्हा चार मिनिटं उरली होती आणि लातूर तीन गुणांनी पुढे होतं. उंच मुलीचा दुसरा फाउल झाला. तिचा दुसरा, नऊ नंबरचा पाचवा. ठिपके माझ्या डोळ्यांसमोर होते. मी मान वर करून आजोबांकडे पाहिलं. ते माझ्याकडेच बघत होते. मग त्यांनी नजर वळवली आणि आमच्या मुलींना पाणी द्यायला सांगितलं.

मी घंटी वाजवली.

ती मुलगी धावत टेबलापाशी आली. "मॅडम, माझे दोनच झालेत. ते तीन हिचे हायेत. इचारा की हिला!" ठेंगणी मुलगी मागे उभी राहून मान डोलावत होती. मी शीटवर बोट ठेवून इंग्रजीत म्हणाले, "नंबर नाईन. फाइव्ह फाउल्स." मराठीत म्हणू शकले असते. पण इंग्रजीत बोललं की समोरची खेड्यातली मुलगी गप्प होते, हे मला वर्गात रोज दिसत होतं. ती गप्प झाली. पंचांनी शीट पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि तिला बाहेर पाठवलं. आम्ही दोन गुणांनी जिंकलो. शीटवर सह्या घेण्याआधी मी रबरानं ते ठिपके खोडले.

घरी आल्यावर मी आजोबांना म्हणाले, "तिचे दोनच होते. तुम्ही पाहिलं होतं."

"शीटवर पाच आहेत ना? मग पाच." करंडक कपाटावर ठेवताना त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही. "तुझी शीट कधी चुकत नाही."

हा विषय आम्ही पुन्हा कधी काढला नाही. मी बरीच वर्षं त्यांच्यावर मनातून चिडून होते. स्वतःवर चिडण्यापेक्षा ते सोयीचं होतं.

पाचव्या दिवशी मी सगळं लिहिलं. जर्सी, ओढणी, ठिपके, रबर, इंग्रजी वाक्य. आजोबांची वळलेली नजरही लिहिली. शेवटी लिहिलं की हे विजेतेपद लातूरचं आहे. स्वच्छ प्रत काढून प्राध्यापकांकडे दिली. संध्याकाळी त्यांचा फोन आला. ते दुखावले असतील असं मला वाटलं होतं. ते आनंदात होते.

"मॅडम, हे तर सोनं आहे! म्हणजे हे लोक तेव्हापासूनच लबाडी करून राहिलेत!"

"सर, लबाडी मी केली. तुम्ही शेवटपर्यंत वाचलंत का?"

"तुमची कसली लबाडी? नंबर म्हणजे खेळाडू, नियमच आहे. तुम्ही उगीच मनाला लावून घेऊन राहिलात. शेवटचं पान जागेअभावी घेता येणार नाही, तेवढं समजून घ्या."

मी लेख परत मागितला. तोपर्यंत पहिल्या दोन पानांचे फोटो भाऊंच्या दुकानाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेले होते. त्यावर भाऊंनी लिहिलं होतं, "एक जर्सी, दोन पोरी! लातूरचं यश कुठून आलं ते वाचा." खाली माझं नाव, हुद्द्यासकट. मी ग्रुपवर खुलासा लिहिला. त्यावर अकरा जणांनी हात जोडल्याची चित्रं टाकली आणि एकानं "मॅडमचा विनय" असं लिहिलं. दुसऱ्या दिवशी ते फोटो लातूरला पोचले होते.

पायऱ्यांवर मी कॅप्टनला मूळ लेख दिला. तिनं तिथंच उभ्यानं वाचला.

"म्हणजे आपण जिंकलो नव्हतो?"

"नाही."

"मॅडम, शाळेत पोरी रडायला लागल्या की मी त्यांना त्या फायनलची गोष्ट सांगते." तिनं पानं घडी करून परत दिली. "तुम्हाला माहीत होतं, तर तेव्हाच सांगायचं होतं. नाहीतर कधीच सांगायचं नव्हतं." लातूरच्या कोचचा नंबर मी मागितला, तो तिनं दिला. त्यानंतर ती फिरायला आलेली नाही.

मी लातूरला फोन लावला. नाव सांगितल्यावर पलीकडून आवाज आला, "ओळखलं, मॅडम. बोला." मागे चेंडूचा आणि मुलींच्या ओरडण्याचा आवाज येत होता.

मी म्हणाले की पसरलं आहे ते अर्धंच आहे. राहिलेलं पान मी तिला वाचून दाखवलं. ठिपक्यांचं वाक्यही गाळलं नाही. 

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"मला वाटायचं, जर्सी कुणी कधी बदलली ते तुम्हाला दिसलं नसेल. आमच्या पोरींनी ओढणी धरली होती ना, टेबल त्या बाजूला होतं. घरी मी तसंच सांगितलं. वडील चिडले होते, खेळ बंद कर म्हणत होते. त्यांना म्हटलं, त्या मॅडमची चूक नाही, त्यांना दिसलंच नाही." मध्येच तिनं शिट्टी वाजवली. "माझ्या पोरींनाही मी हेच शिकवते, मॅडम. टेबलावरच्या माणसाचा राग धरायचा नाही. त्यांना सगळं दिसत नसतं."

 मी क्षमा मागितली. पण मागतानाही ती क्षमा मला माझ्यासाठीच हवी आहे, हे मला कळत होतं.

"आता पोरी मला विचारून राहिल्यात, 'मॅडम, तुम्ही लबाडीनं खेळायचात का?' आमच्याकडे सातच जर्सी होत्या, हे आजच्या पोरींना खरं वाटत नाही. त्यांच्याकडे तीन-तीन असतात."

"मी लातूरला येते. मुलींसमोर उभी राहून सांगते."

"नको. पुढच्या आठवड्यात विद्यापीठ संघाची निवड आहे. त्यांचं डोकं ठिकाणावर राहू द्या." मग ती कुणावर तरी ओरडली, "अगं, पाय हलव, पाय!" आणि मला म्हणाली, "ठेवते, मॅडम."

मी तो लेख पुन्हा पूर्ण लिहून काढला आणि लातूरला पोस्टानं पाठवला. त्याला तीन आठवडे झाले. उत्तर आलेलं नाही. ते मागण्याचा मला हक्कही नाही.

सत्काराचा कार्यक्रम गेल्या रविवारी झाला. मी गेले नाही. कोर्टाला नाव देऊ नका, असं मी समितीला लेखी कळवलं होतं. प्राध्यापकांनी भाषणात सांगितलं की मॅडमची प्रकृती बरी नाही. कॅप्टनही गेली नव्हती, असं ऐकलं. आजोबांच्या नावाची पाटी मात्र लागली. पांढऱ्या संगमरवरावर काळी अक्षरं आहेत आणि खाली विजेतेपदाचं वर्ष आहे.

उन्हाळ्यात तुम्ही याल तेव्हा तुमचे बाबा तुम्हाला ती पाटी दाखवायला नेतील. बाबांना मी हे अजून सांगितलेलं नाही. त्यांना वडिलांचा फार अभिमान आहे. तुम्ही पाटीपाशी उभे राहून फोटो काढाल. काढा. त्यांनी शेकडो पोरींना खेळायला शिकवलं, तेही खरं आहे. मला त्या फोटोत बोलावू नका.