हिरीचं राहिलेलं लग्न

उधव्याजवळ विद्यापीठाचं चित्रकला केंद्र एकसष्ट साली उभं राहिलं, आणि माझ्या मते ते कामावरच्या वारली हिरीने उभं केलं. आराखडा केंद्रप्रमुख असलेल्या आमच्या सरांचा, पण कुडाच्या भिंती तिने लिंपल्या, गेरू तिने चढवला आणि वाकडी भिंत पाडायला सुताराला तिनेच लावलं. मी तिथला कारकून. मलाही ती कामाला लावल्याशिवाय सोडत नसे.

उद्घाटनाला चार दिवस उरले होते. सर आनंदाने नुसते नाचत होते. मोठ्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक, वारली लग्नघरात काढतात ते देवीचं चित्र, हवा, आणि तो हिरीने काढावा! मी लगेच तिच्या नावानिशी निमंत्रणपत्रिका छापून आणल्या. तिला विचारायचं मात्र कुणालाच सुचलं नाही. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग!

पत्रिका वाचून दाखवली, तशी हिरी मटकन खाली बसली.

"सायेब, चौक सवाशिणी काढतात. माजा लगीन नाय झाला."

"अगं, तुला तीन मुलं आहेत!"

"पोरां झाली. लगीन रायला."

वारली पाड्यांत यात कुणाला काही वावगं वाटत नाही. आधी संसार मांडायचा, लग्न पैसे जमतील तेव्हा. हिरी आणि तिचा घरधनी सुकऱ्या यांना वीस वर्षांत ते जमलं नव्हतं. दुसऱ्यांच्या लग्नात ती भिंत लिंपायची, चौकासाठी तांदूळ वाटून द्यायची आणि बाजूला उभी राहून बघायची.

"बोटां शिवशिवतात माजी," म्हणाली आणि ढसाढसा रडली. मला माझीच लाज वाटली.

सर ओरडले, "मग लग्न इथेच लावू!"

मग काय विचारता! ढोल आले, फुंकून वाजवायचा तारपा आला. सुकऱ्या लाजून ताडावर चढून बसला, त्याला थोरल्या लेकीने दटावून उतरवलं. उद्घाटनाला पाड्यातल्या सवाशिणींनी चौक काढला, पाहुणे थक्क झाले. पण आपल्याच लग्नाचा चौक नवरीने काढायचा नसतो, हे आम्हा शहाण्यांना तेव्हा कळलं. हळद लावलेली हिरी मुठी आवळून नुसती बघत होती.

लग्न आटोपल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी केंद्र उघडायला गेलो, तर दारात हिरी. मागे कामावरचे काकड्या आणि बारकी, बारकीच्या कडेवर पोर.

"यांचाबी लगीन रायलाय," हिरी म्हणाली. "मागली भिंत कोरी हाय ना?"

तिने बांबूची काडी पिठात बुडवली. तेवढ्यात आलेले सर कौतुकाने काही बोलायला गेले.

"गप ऱ्हा सायेब," ती म्हणाली. "आता मी सवाशीण हाय."