आमच्या पन्हळीतला गाळ

पन्हळीतला गाळ ज्यांनी जवळून बघितलेला नाही, त्यांना लोणावळा फार सुंदर वाटतं. वाटू दे बापडं. मी लग्न होऊन इथं आले त्याला सव्वीस वर्षं झाली, आणि दरवर्षी मे महिना लागला की मी पत्र्याकडं बघायचंच टाळते. पत्र्याच्या कडेला पावसाचं पाणी वाहून नेणारी ती लांबलचक पन्हळ, तिच्यात वर्षभर काय काय साठतं ते सांगायची सोय नाही. कुजलेला पाला, वानरांची घाण, मेलेली पिल्लं, त्या सगळ्याचा झालेला काळा लगदा आणि त्यात वळवळणाऱ्या अळ्या. एकदा पैसे वाचवायला मी स्वतः शिडीवर चढले होते. हातमोजे घालून पहिला गोळा उचलला आणि तिथूनच ओकले. दोन दिवस जेवण गेलं नाही. तेव्हापासून दरवर्षी कुणीतरी पोरगा वरवरचा पाला तेवढा ओढून जायचा, आत खोल हात कुणी घातलाच नाही.

आमचं घर बाजाराच्या मागच्या गल्लीत, चार खोल्यांचं, वर पत्रा. शेवटची खोली आबांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची. मूळचे इथल्याच भाजे गावचे, रेल्वेत गँगमन म्हणून आयुष्य गेलं, निवृत्त झाल्यावर मिळालेल्या पैशात कर्जाची भर घालून हे घर बांधलं. वय एक्याऐंशी, आणि दम्यानं पार पोखरलेले. गेल्या वर्षी जुलैत पन्हळ तुंबली, पाणी उलटं भिंतीत शिरलं, आणि आबांच्या उशाशी भिंत आधी हिरवी आणि मग काळी पडली. खोलीत पाय टाकला की ओल्या फडक्याचा वास. आबांचा श्वास इतका लागला की आठ दिवस दवाखान्यात काढले. डॉक्टर म्हणाले, या भिंतीपाशी यांना ठेवायचं असेल तर माझ्याकडं आणू नका.

मग माझे धाकटे दीर चिंचवडहून आले. माणूस वाईट नाही, पण आबांच्या बाबतीत हट्टी. तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट, लिफ्ट, कोरड्या ठणठणीत भिंती. म्हणाले, "वहिनी, पुढच्या पावसाळ्यात भिंत पुन्हा ओली झाली, तर मी आबांना घेऊन जाणार. चार महिन्यांसाठी नाही, कायमचं." आबा तोंड फिरवून बसले. दीर गेल्यावर मला म्हणाले, "मला न्हाई जायचं गं. तिसऱ्या मजल्यावर मानसानं करायचं काय दिसभर? हितं दारात बसलं तरी चार लोक बोलत्यात." मी म्हटलं, "आबा, कुठं जायचं नाही तुम्ही. भिंतीचं मी बघते." एवढ्या ठसक्यात म्हटलं की त्यांना हसू आलं.

माझा नवरा देहूरोडला डेपोत नोकरीला. सकाळच्या लोकलनं जातो, संध्याकाळी येतो, आणि घरातलं भांडणाचं खातं पहिल्यापासून माझ्याकडं. मी शाळेत शिकवते, त्यामुळे आवाज आहेच. एप्रिलपासून मी पन्हळीच्या मागं लागले. पहिला आला तो कुठल्याशा वॉटरप्रूफिंगवाल्यांचा माणूस, इस्त्रीचा शर्ट, हातात टॅब. वर चढलाच नाही. खालूनच दोन फोटो काढले आणि "कम्प्लीट सोल्यूशन" म्हणून पंचावन्न हजार सांगितले. मी म्हटलं, "अहो, पन्हळ साफ करायचीय, बंगला नाही बांधायचा." मग गल्लीच्या तोंडाशी ज्यांचं पत्र्याचं दुकान आहे त्या चाचांना बोलावलं. साठीचे असतील, पण अजून सरसर चढतात. त्यांनी वर कडेला हात घालून बघितलं, हात फडक्याला पुसत खाली आले आणि म्हणाले, "वैनी, अर्धी पन्हळ सडलीय. आत काहीतरी दाबून बसलंय, पाणी हलतच नाही, पत्रा गंजणार नाही तर काय. साफ करून, पंधरा फूट नवी टाकून, पाइप बदलून साडेअकरा हजार होतील."

साडेअकरा हजार. नुकताच घराच्या कर्जाचा शेवटचा हप्ता फिटला होता, हात मोकळा होईल असं वाटत होतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, कारण आत काय दाबून बसलंय ते मला चांगलं ठाऊक होतं.

आबांच्या खोलीच्या बाजूला एक बंगला आहे, शनिवार-रविवार भाड्यानं जाणारा. मालक मुंबईला. त्याची गॅलरी बरोबर आमच्या पन्हळीच्या डोक्यावर. पाहुणे शुक्रवारी संध्याकाळी येतात आणि सोमवारी सकाळी त्यांची घाण मागं राहते. सिगारेटची थोटकं, कोंबडीची हाडं, वेफर्सची पाकिटं, बाटल्या. एकदा लहान मुलाचं वापरलेलं डायपर आमच्या तुळशीपाशी पडलं होतं. एकदा याहून वाईट, ते मी लिहीत नाही. शी! पैसे देऊन माणसं इथं येतात ती काय दुसऱ्याच्या घरावर थुंकायला? मी दर सोमवारी बंगल्याच्या केअरटेकरशी भांडत असे. तो टोपी सारखी करत "मॅडम, गेस्ट आहेत, काय बोलणार" एवढंच म्हणायचा.

या वेळी मात्र मी सोडलं नाही. त्याच्याच फोनवरून मालकाला गाठलं आणि खर्च निम्मा मागितला. मालक आधी उडवाउडवीची उत्तरं देत होता. मग कंटाळून म्हणाला, "मॅडम, आमच्या गेस्टचा कचरा निघाला तर मी निम्मे काय, सगळे देतो. पण माझा माणूस समोर उभा राहील, व्हिडिओ कॉलवर मी बघेन." मी म्हटलं, "बघाच. डोळे भरून बघा." मला केवढा आनंद झाला होता! गेली कित्येक वर्षं जी किळस मी गिळत होते ती आता त्या माणसाला त्याच्या दिवाणखान्यात बसून बघावी लागणार होती.

रविवारी सकाळी दहाला चाचा शिडी लावून चढले. नवऱ्याला नेमकी त्या दिवशी ड्यूटी होती. खाली अंगणात मी, बाजूला केअरटेकर फोन वर धरून, फोनमध्ये मालक. गल्लीतल्या दोन-तीन बायका उगाच घुटमळत होत्या, त्यांना मीच सांगून ठेवलं होतं. आबा मफलर गुंडाळून दारातल्या खुर्चीत बसले होते. आज आपल्या भिंतीचा निकाल लागणार म्हणून आंघोळ-पूजा लवकर उरकून बसले असतील, असं मला वाटलं.

पहिल्यांदा बिअरच्या दोन बाटल्या खाली आल्या. मी केअरटेकरकडं बघितलं. मग थोटकांचा गोळा, मग पाकिटं. "घ्या, नीट दाखवा साहेबांना," मी म्हटलं. मग चाचांनी खुरप्यानं काहीतरी ओढलं, ते निघेना, दोन्ही हातांनी ओढलं आणि एक काळी, फुगलेली पिशवी थपकन अंगणात पडून फुटली. असा वास सुटला की बायका नाकाला पदर लावून मागं सरल्या. तिच्यामागं दुसरी पडली, मग तिसरी. दुधाच्या रिकाम्या पिशव्या होत्या त्या, तोंडाला व्यवस्थित गाठ मारलेल्या. चाचा काढत होते आणि पिशव्या संपत नव्हत्या.

मी काठीनं एक उघडली. आत झेंडूचा काळा चिखल, बेलाची पानं, दुर्वा, निरांजनातल्या जळक्या वाती, तुळशीच्या काड्या. निर्माल्य. देवाची शिळी फुलं. आणि ती कागदात गुंडाळलेली. कागदावर लाल शाईच्या खुणा होत्या, दहापैकी सात, दहापैकी चार. माझ्या वर्गाच्या चाचणीचे पेपर. माझ्याच हातचे मार्क.

केअरटेकर फोन जवळ नेऊन सगळं दाखवत होता. मग हसून म्हणाला, "मॅडम, हे आमच्या गेस्टचं नाही वाटत. पूजाबिजा कोण करतंय तिथं." फोनमधून मालकाचं हसणं अंगणभर ऐकू आलं.

मला सगळं एका क्षणात समजलं. पूर्वी घरचं निर्माल्य मागच्या विहिरीत सोडत. ती विहीर बुजवून तिच्यावरच हा बंगला उभा राहिला. पुढं मी एकदा निर्माल्य घंटागाडीत टाकलं तेव्हा आबा दुखावले होते. "देवाचं फूल कचऱ्यात? राहू दे, उद्यापासून मी बघतो," म्हणाले होते. मी सुटले. कुठं नेतात, काय करतात, मी कधी विचारलं नाही. मी सकाळी सातला शाळेत, नवरा लोकलमध्ये. आबा पूजा आटोपून, कपडे धुवायच्या दगडावर उभे राहून हात उंच करून पिशवी पत्र्यावर ठेवत होते. तिथून ती घसरून पन्हळीत. वर्षानुवर्षं, रोज सकाळी.

आबा खुर्चीतून उठले. "मीच ठेवत व्हतो," ते म्हणाले. "वर ठेवलं की कुनाच्या पायाखाली येत न्हाई. ऊन लागंल, वाळून उडून जाईल, असं वाटलं मला."

मी गप्प बसायला हवं होतं. पण तो वास नाकात, ते हसणं कानात, आणि साडेअकरा हजार डोक्यात. माझ्या तोंडून निघून गेलं, आणि वर्गात निघतो तसा आवाज निघाला, "शी! शी हो आबा! केवढी ही घाण! मी त्या लोकांना शिव्या घालत फिरतेय आणि माझ्याच घरात हे? तुमच्यात आणि त्या बाटल्या फेकणाऱ्यांत फरक काय राहिला?"

आबा हळूहळू खाली वाकले आणि फुटलेल्या पिशवीतली फुलं हातानं गोळा करायला लागले. वाकल्याबरोबर खोकला लागला, पण थांबेनात. आणि मी, मूर्ख बाई, परत ओरडले, "हात नका लावू! त्याच हातानं मग घरात येणार!"

आबांनी हात मागं घेतला. तो काळा झालेला हात अंगापासून लांब धरून, कुठं ठेवावा ते न कळल्यासारखे ते उभे राहिले. ते आठवलं की मला आजही स्वतःची जितकी किळस येते तितकी त्या गाळाची कधी आली नव्हती.

चाचा शिडीवरून उतरले. त्यांनी बादलीतून पाणी घेऊन आबांच्या हातावर ओतलं. मग मला म्हणाले, "वैनी, एवढं काय मनाला लावून घेता. निम्म्या गावाच्या पन्हळीत हेच निघतं. लोक देवाला वर ठेवतात आणि खाली काढायला मला लावतात." मी हसले नाही. त्यांनी कोपऱ्यात जास्वंदीजवळ फावड्यानं खड्डा काढला, पिशव्या फाडून फुलं त्यात लोटली, वर माती ओढली, प्लॅस्टिक वेगळं केलं. पंधरा मिनिटं लागली असतील. पंधरा मिनिटांचं काम होतं ते. तो खड्डा मला कधीही काढून देता आला असता.

संध्याकाळी नवरा आणि मी चहा घेत होतो तेव्हा आबांनी धाकट्याला फोन लावल्याचं ऐकू आलं. "ये तू. घेऊन जा मला." मी धावत खोलीत गेले. म्हटलं, "आबा, माझं चुकलं. रागात बोलले मी. पन्हळ नवी होतेय, भिंत कोरडी राहील, तुम्ही कुठं निघालात?" ते म्हणाले, "न्हाई गं. चुकलं माझंच. लय घान झाली माझ्यानं." त्यांनी 'घाण' हा शब्द अगदी हलक्या आवाजात उच्चारला. नवऱ्यानं समजावलं. दिरांनीही फोनवर सांगितलं, पाऊस बघू, मग ठरवू. पण आबांनी ऐकलं नाही. पुढच्या रविवारी एक पिशवी घेऊन गेले. देव मात्र ठेवून गेले. "पूजा तू करत जा," एवढंच म्हणाले.

चाचांनी काम चोख केलं. नवी पन्हळ, नवा पाइप, जागोजागी पट्ट्या. पैसे सगळे मीच दिले, बंगल्यावाल्याकडं मागायला तोंड राहिलं नव्हतं. त्याच्या पाहुण्यांच्या बाटल्या अजून पडतात. मी आता भांडायला जात नाही, उचलून टाकते.

जुलैत सलग नऊ दिवस पाऊस लागला होता. दहाव्या दिवशी मी आबांच्या खोलीत जाऊन पलंग पुढं ओढला आणि भिंतीवर वरपासून खालपर्यंत हात फिरवला. कुठं टिपूस नाही. तिथूनच फोन लावला. "आबा, भिंत एकदम कोरडी आहे. नऊ दिवस झोडपतोय, तरी एक डाग नाही. या आता. मी स्वतः घ्यायला येते."

"लय चांगलं झालं बघ," आबा म्हणाले. खरंच बरं वाटलं होतं त्यांना, आवाजावरून कळत होतं. मग थोडं खोकले आणि म्हणाले, "त्या खोलीत आता तुमचं सामानसुमान ठेवा. उगा रिकामी ठेवू नगा."

ते रागावले असते तर मी भांडले असते, आणि भांडून त्यांना घरी आणलं असतं. रागावले नव्हते ते. मी "बरं आबा" म्हटलं.