बाबांनी थंड केलेला कॉम्प्युटर

लग्नाचा सीझन आणि उन्हाळा एकाच वेळी येतात, हे माझ्या कॉम्प्युटरला कधी मानवलं नाही. मी डहाणूला मसोलीत राहते आणि लग्नाच्या व्हिडिओंचं मिक्सिंग करते. फोटोग्राफर शूटिंगच्या हार्डडिस्क आणून देतात, मी त्यातून हळद, वरात, पाठवणी अशी जुळवाजुळव करून फिल्म तयार करते. माझी कामाची खोली वरच्या मजल्यावर, डोक्यावर पत्रा. मे महिन्यात दुपारी फिल्म एक्स्पोर्टला, म्हणजे अखेरच्या फाइलमध्ये उतरवायला, लावली की प्रोसेसर इतका तापायचा, की वरात मांडवात पोचायच्या आत कॉम्प्युटर बंद. मी त्याचं बाजूचं झाकण काढून टेबलफॅन लावून ठेवला होता. त्याने आत गरम वारा तेवढा जायचा.

माझं माहेर वेवजीचं. बाबांचं तळासरीला फ्रीज दुरुस्तीचं दुकान होतं. पलीकडून गुजरातमधूनही लोक टेम्पोत फ्रीज घालून त्यांच्याकडे यायचे, आणि बाबा त्यांच्याशी गुजरातीत भाव करायचे. त्या वर्षी त्यांच्या छातीचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी जड उचलायला मनाई केली, तसं दुकान बंद झालं. आई फोनवर सांगायची, की ते दिवसभर ओट्यावर खुर्ची टाकून बसतात आणि शेजारच्यांचा फ्रीज सुरू झाला की आवाज ऐकून त्याला काय झालंय ते तिला सांगतात.

असंच एकदा फोनवर मी कॉम्प्युटरचं रडगाणं गायले. बाबांनी विचारलं, नक्की काय तापतं? मी म्हटलं, एक चिप असते, बिस्किटाएवढी. बाकीचे म्हणतात खोलीला एसी लावा, पण या पत्र्याखाली एसी काय पुरणार?

"बिस्किटासाठी अख्खी खोली कशाला थंड करतेस?" बाबा म्हणाले. "बिस्कीटच थंड करू."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते एसटीने दारात हजर. एका पिशवीत हत्यारं, दुसरीत कुठल्याशा रिसॉर्टच्या छोट्या फ्रीजचा कॉम्प्रेसर, आणि तिसरीत स्वतःचा जेवणाचा डबा आणि पाण्याची बाटली. लेकीच्या घरचं खायचं नाही, हा त्यांचा जुना नेम. माझ्या लग्नानंतर ते आमच्याकडे दोनदाच आले होते आणि दोन्ही वेळा पाणीही न पिता गेले होते.

माझ्या सासूबाई बाजारात मासे विकतात. टोपली उतरवून घरी आल्या तेव्हा व्याही त्यांच्याच ओट्यावर बसून स्वतःच्या डब्यातली भाजी-भाकरी खाताना दिसले. आत येऊन मला म्हणाल्या, की त्यांना सांग, निदान पंख्याखाली बसून तरी खा. बाबांनी मला सांगितलं, की विहीणबाईंना सांग, इथे बरा वारा आहे. मधल्या दारात उभी राहून मी दोन्हीकडचे निरोप पोचवत होते.

नवऱ्याचा कॉलेजातला जुना कॉम्प्युटर माळ्यावर पडून होता. पहिला प्रयोग त्याच्यावर करायचा असं ठरलं. बाबांनी तांब्याची आतून पोकळ वडी बनवून आणली होती. ती प्रोसेसरवर घट्ट बसवली, तिला बारीक नळ्या जोडल्या आणि कॉम्प्रेसर टेबलाखाली ठेवला. गरमी बाहेर टाकणारी जाळी खिडकीबाहेर गॅलरीत लटकवली. मग गॅस भरला. फ्रीजमध्ये जे चालतं तेच इथे चालणार होतं, फक्त दुधाच्या पिशवीच्या जागी प्रोसेसर. बाबांनी कॉम्प्युटर कधी वापरला नव्हता. मी स्क्रीनवर त्यांना टेम्परेचरचा आकडा दाखवून ठेवला. बटण दाबलं आणि आकडा जिन्यावरून उतरावा तसा उतरायला लागला. शून्यावर आला, आणि मग त्याच्याआधी उणे चिन्ह लागलं.

बाबा खुर्चीत मागे टेकून बसले. ऑपरेशननंतर त्यांना असं बसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. नळ्यांवर पांढरं हिव धरलं होतं. सासूबाई वर डोकावल्या, हिवाला बोट लावून पाहिलं आणि मला विचारलं, यात पापलेट किती बसतील?

दुपार होईपर्यंत समुद्राकडचा वारा सुटला. आमच्याकडची दुपारची हवा पिळली तर पाणी निघेल अशी. खिडकी जाळीसाठी उघडीच होती. हिवाच्या कडेने थेंब धरायला लागले, थेंबांचे ओघळ झाले, आणि ओघळ बोर्डवर उतरले. बाबा ओट्यावर वाऱ्याला बसले होते, आम्ही आत चहाचं बघत होतो. वर आलो तर स्क्रीन काळी. पुसून, वाळवून, केसांचा ड्रायर फिरवूनही तो जुना कॉम्प्युटर परत उठला नाही.

मी म्हटलं, बाबा, तो भंगारातच जाणार होता. पण बाबांचा चेहरा उतरला होता. फ्रीजमध्ये असं पाणी सुटतं, ते खालच्या ताटलीत जातं, तिथे त्याने कुणाचं काही बिघडत नाही. इतकी वर्षं ज्या पाण्याकडे पाहिलंही नाही, त्यानेच घात केला होता. त्यांनी हत्यारं भरली. बाकी सगळं तिथेच टाकून संध्याकाळच्या एसटीने ते निघून गेले. जाताना एवढंच म्हणाले, "माझा हात गेला आता. तू एसीच घे."

पुढचे काही दिवस त्यांनी माझा फोन घेतला नाही. आई म्हणायची, बरे आहेत, पण आता शेजारचा फ्रीज वाजला तरी काही बोलत नाहीत. मला ते ऐकून फार वाईट वाटायचं. मी हे सासूबाईंना भाजी निवडता निवडता सांगितलं. त्यांनी माझा फोन मागितला, आईला लावायला लावला आणि बाबांना द्यायला सांगितलं. इतक्या वर्षांत विहीण-व्याही थेट बोलायची ही पहिलीच वेळ.

"व्याही," त्या म्हणाल्या, "तुमचं यंत्र वाटेत पडलंय. परवा भंगारवाला येतो. तुम्ही न्यायला आला नाहीत तर मी त्याला देईन."

बाबा दुसऱ्याच दिवशी आले.

खरं म्हणजे ते नुसता कॉम्प्रेसर न्यायला आले होते. पण वर जाऊन बसले आणि बराच वेळ त्या मेलेल्या बोर्डाकडे पाहत राहिले. मग मला विचारलं, तुझ्या त्या बिस्किटाला मुळात किती थंडी लागते? मी सांगितलं, थंडी अशी लागत नाही, खोलीइतकं गार राहिलं तरी ते खूश.

"म्हणजे मी जास्त गार केलं," ते म्हणाले. "गार करायचं, पण घाम फुटू द्यायचा नाही."

आता वडीत गॅस सोडायचा नाही, पाणी खेळवायचं. गॅसच्या नळीचं वेटोळं एका पेटीतल्या पाण्यात बुडवायचं, ते पाणी खोलीपेक्षा किंचित गार ठेवायचं आणि छोट्या पंपाने वडीतून फिरवायचं. थर्मोस्टॅट असा लावायचा, की पाणी त्याहून गार झालंच तर कॉम्प्रेसर आपोआप बंद. पेटी म्हणून सासूबाईंनी त्यांची बर्फाची जुनी पेटी दिली. ती कितीही धुतली तरी पहिले काही दिवस माझ्या खोलीला बांगड्याचा वास होता.

त्या दिवशी नळ्या जोडायला उशीर झाला. बाबांचा डबा खिडकीत उन्हात राहिला होता. उघडला तर डाळ आंबलेली. बाबा म्हणाले, भूक नाही. सासूबाईंनी खाली पाट मांडला, ताटात भात आणि ओल्या बोंबलाचं कालवण वाढलं आणि स्वतः जिन्याशी येऊन उभ्या राहिल्या.

"व्याही, लेकीच्या घरी जेवत नाही म्हणता, ते खरं," त्या म्हणाल्या. "पण हे घर माझं आहे. लेक तुमची वर राहते. तुम्ही खाली येऊन जेवा."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. या वेळी पोचवण्यासारखा निरोपच नव्हता. ते हात धुऊन पाटावर बसले. कालवण दोनदा घेतलं.

दुसऱ्या फेरीला मेलेला कॉम्प्युटर उपयोगाचा नव्हता. माझाच वापरावा लागणार होता, आणि त्यात एका वाणगावच्या लग्नाचं काम अर्धवट होतं. मी सगळं शूटिंग दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतलं. बाबांनी आधी नळ्या नुसत्या वर्तमानपत्रावर मांडून पूर्ण दिवस पाणी फिरवलं. कागद कोरडा राहिला. मग दुसऱ्या दिवशी नवऱ्याने डोळे मिटून घेतले आणि मी वडी माझ्या प्रोसेसरवर बसवली.

ऐन दुपारी एक्स्पोर्ट लावला. बाबा नळीवर हात ठेवून बसले. आकडा थोडा चढला आणि तिथेच थांबला. नळी कोरडी. तरी ते हात काढेनात, म्हणून मी फिल्म मोठी करून त्यांच्यासमोर लावली. त्यांनी ती वाणगावची हळद पाहिली, वरात पाहिली, मुलीच्या मामांचं नाचणं पाहिलं. मध्येच विचारलं, ही कोण माणसं? मी म्हटलं, मलाही माहीत नाही. पाठवणी आली तसा त्यांनी नळीवरचा हात काढला आणि चष्मा पुसायला घेतला. फिल्म न थांबता शेवटपर्यंत उतरली.

त्या सीझनची सगळी लग्नं तशीच पार पडली. वाणगावच्या फोटोग्राफरने स्वतः येऊन पेटी पाहिली आणि बाबांकडून तशीच एक बनवून घेतली. ती पहिल्याच आठवड्यात एका जोडातून गळली. बाबा तिकडे जाऊन जोड बदलून आले आणि मला फोनवर ते हसत हसत सांगत होते.

आमची पेटी अजून चालते आहे. खाऱ्या हवेने तांबं हिरवं पडतं, म्हणून बाबा दर महिन्याला येऊन जाळी आणि जोड घासून जातात. मागच्या खेपेला त्यांनी पंपाला कान लावला आणि म्हणाले, हा एवढा उन्हाळा काढेल. मी नवा पंप आणून ठेवला आहे.