आक्काच्या नावाची पेन्शन

ह्यांचं तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पलंगाखालची काळी पत्र्याची पेटी ओढून काढली. फौजेतून घरी येताना आणलेली. तिच्यात डिस्चार्जचं पुस्तक, दोन मेडलं आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेला पेन्शनचा कागद. त्या कागदावर खाली एक ओळ असते, माणूस गेल्यावर पेन्शन कुणाला द्यायची त्याची. त्या ओळीत बायको म्हणून माझ्या थोरल्या बहिणीचं नाव होतं.

मला ते माहीत होतं. आधीच सांगते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं बाईला धक्का बसला. धक्का कसला डोंबलाचा! हे कधी ते दुरुस्त करतात याची मी पस्तीस वर्षं वाट बघत होते. आणि ज्यांनी दुरुस्त करायचं ते बूट काढता काढता गेले. चाकणच्या एका कंपनीत गेटवर सुपरवायझर होते. फर्स्ट शिफ्ट करून आले, थेरगावातल्या आमच्या घराच्या पायरीवर टेकले, एक बूट त्यांनी काढला, दुसरा मी काढला.

आता मुळापासून सांगते. माझी थोरली बहीण, तिला आम्ही आक्का म्हणायचो, ती ह्यांची पहिली बायको. माण तालुक्यात सासर. कावीळ झाली तेव्हा कुणीतरी गळ्यात माळ घातली, कुणी झाडपाल्याचा रस पाजला, आणि दवाखान्यात न्यायचं ठरेपर्यंत सगळं उरकलं. तिचं पोर दीड वर्षाचं. हे तेव्हा सुट्टीवर घरीच होते, त्यामुळे तार जायचा प्रश्न आला नाही आणि पलटणीत कुणाला काही कळलं नाही. ग्रामपंचायतीत मरण नोंदवायचं असतं हेही कुणाच्या डोक्यात आलं नाही.

पंधरा दिवसांत पलटणीतल्या एका दोस्ताचं पत्र आलं, की तुझा क्वार्टरचा नंबर लागला. फॅमिली क्वार्टर मिळायला तेव्हा चार-चार वर्षं थांबावं लागायचं. सासूबाई पत्र घेऊनच आमच्या घरी आल्या. "पोराला परकी बाई सांभाळंल व्हय? धाकटी द्या," म्हणाल्या. वडिलांनी दिली. मी एकोणीस वर्षांची, दहावी पास, नर्सिंगचा फॉर्म आणून ठेवला होता. मला कुणी विचारलं नाही आणि मीही तोंड उघडलं नाही, कारण ते पोर माझ्याच मांडीवर झोपलेलं होतं.

लग्न घरातल्या घरात. सुतकाच्या घरात वाजंत्री कशी लावायची? पत्रिका नाही, फोटो नाही. पाच माणसं, दोन हार. मग रेल्वेत बसल्यावर ह्यांनी तोंड उघडलं.

"तिथं गेल्यावर तुझं नाव आक्काचंच सांगायचं."

"का म्हणून?"

"बायको वारली म्हणून कळवलं तर नंबर जातो. लग्न झालं म्हणून कळवलं की परत रांग नव्यानं. तोवर तू पोर घेऊन गावी बसणार का? दोनच वर्षांचा प्रश्न आहे."

"कुणी ओळखलं तर?"

"बहिणी-बहिणी सारख्याच दिसतात," असं म्हणून ते वरच्या बर्थवर जाऊन झोपले.

क्वार्टरच्या ओळीतल्या बायका मला आक्काच्या नावानं हाका मारायच्या. पहिला महिनाभर मी वळून बघायचेच नाही. त्यांना वाटलं ही बहिरी आहे. मग वळायला लागले. फौजी दवाखान्याच्या कार्डावर फोटो माझा, नाव तिचं, जन्मतारीख तिची. मला दोनदा दिवस राहिले, दोनदा गेलं. हॉस्पिटलच्या कागदांवर ती दोन्ही आक्काची गेली. नंतर मला मूल झालं नाही. आक्काचं पोर हेच माझं पोर. बोलायला लागलं ते मला आई म्हणतच बोलायला लागलं, आणि खरं सांगते, मी कधी त्याला थांबवलं नाही.

दोन वर्षांची चार झाली, चाराची चौदा. मग रिटायर होऊन आम्ही थेरगावात आलो. इथं मला माझं नाव परत मिळालं. रेशनकार्ड, मतदान, आधार, सगळं माझ्या नावानं केलं मी. पण फौजेच्या कागदात आक्का होती तशीच होती. दर दिवाळीला मी विषय काढायचे. हे म्हणायचे, "करू गं. आता चौकशी लागली तर आहे तीही पेन्शन थांबायची." भित्रा माणूस! बर्फात, गोळीबारात राहिलेला माणूस एका कारकुनाच्या प्रश्नाला भ्यायचा. मी चिडायचे, दोन दिवस अबोला धरायचे, तिसऱ्या दिवशी चहा करायचे. चुकलंच माझं. तेव्हाच उरावर बसून करून घ्यायला हवं होतं.

पुण्यात फौजींच्या घरच्यांची कामं बघणारं ऑफिस आहे. मुलाला रजा नव्हती, तो चाकणला एका कंपनीत पत्रा दाबायच्या प्रेसवर आहे, म्हणून एकटीच गेले. टेबलामागं एक जुने हवालदार होते, रिटायर होऊन तिथं लागलेले. त्यांनी कागद शांतपणे वाचले, माझं आधार बघितलं, परत कागद बघितला.

"वहिनी, ह्या नावाची बाई कोण?"

"माझी थोरली बहीण. पस्तीस वर्षांपूर्वी वारली."

"कळवलं होतं?"

"नाही."

"दाखला?"

"नाही."

"तुमच्या लग्नाचा काही पुरावा?"

"पाच माणसं होती. त्यातली तीन मेली, चौथे हे."

त्यांनी चष्मा काढला. वाईट माणूस नव्हता, उगाच कुणाला नावं ठेवायची नाहीत मला. म्हणाले, "वहिनी, कागदावर साहेबांची विधवा जिवंत आहे, आणि त्या तुम्ही नाही." मग माझ्याकडनं क्वार्टरपासून सगळं ऐकून घेऊन त्यांनी एका पाठकोऱ्या कागदावर काय काय आणायचं ते लिहून दिलं. बहिणीच्या मरणाचा दाखला. गावातल्या माणसांचे जबाब, की लग्न झालं. आणि पहिल्या बायकोच्या मुलाचं प्रतिज्ञापत्र. "हे सगळ्यात महत्त्वाचं," म्हणाले. "तो सज्ञान आहे, तिचा एकुलता मुलगा आहे. तो काय सांगतो यावर वरचे लोक विश्वास ठेवतील. आणि क्वार्टरचं, कार्डाचं, जे झालं ते सगळं खरं लिहा. लपवलंत तर काहीच मिळणार नाही."

पेन्शन तर हे गेले त्याच महिन्यात बंद झालेली. दवाखान्याचं कार्डही आक्काच्या नावाचं, ते दाखवायची आता सोय नाही, आणि माझी शुगर तर काय कुणाची वाट बघत नाही. मुलगा घर चालवत होता, कुरकुर करत नव्हता, ओव्हरटाइम मिळेल तेवढा घेत होता. तरी मला ती पेन्शन हवी होती. औषधाला हवी होती, हे एक. दुसरं म्हणजे, ह्या माणसाचा संसार मी केला, हे कुठंतरी सरकारी शिक्का मारून लिहिलेलं मला हवं होतं. लोक म्हणतात कागदानं काय होतं. ज्यांचं नाव कागदावर असतं तेच असं म्हणतात.

त्या संध्याकाळी मुलगा जेवता जेवता म्हणाला, "आई, एवढी दगदग कशाला? डांगे चौकात एक एजंट आहे. आधारच बदलून घेऊ. तू तिच्या नावाची हो. कागदावर ती जिवंतच आहे ना? तीन महिन्यांत पेन्शन चालू."

माझ्या हातातलं ताट मी तसंच खाली आपटलं. "परत? परत तिच्या नावाची होऊ? तुझ्या बापानं केलं तेवढं पुरे नाही झालं? मी मेल्यावरसुद्धा आक्काचाच दाखला निघू दे मग!"

"अगं, मी सोपं म्हणून..."

"तुझ्या बापालाही सोपंच हवं होतं."

सून आत निघून गेली. मुलगा ताटातलं संपवून उठला आणि दुसऱ्या दिवशी न सांगता दोन दिवसांची रजा टाकून आला.

गावी गेलो. पंचायतीत नोंद नाही, हे माहीतच होतं. आता तालुक्याहून आदेश आणायचा, त्यासाठी मरणाची तारीख हवी. तारीख कुणाला आठवतेय? शेजारच्या दोन म्हाताऱ्या मरणाच्या साक्षीला आणि लग्नाच्या जबाबाला आल्या होत्या. एक म्हणाली, "बेंदराच्या तिसऱ्या दिशी गेली बगा. बैलांच्या शिंगांचा रंगबी निघाला नव्हता." बेंदूर म्हणजे आमच्याकडचा बैलांचा सण. मलाही तेच आठवत होतं. मुलानं तिथंच चावडीच्या पायरीवर बसून मोबाइलमध्ये त्या वर्षीचं पंचांग शोधलं, बोटं मोजली, तारीख काढली. मग स्वतःच्या जन्मतारखेपासून परत बोटं मोजली.

"म्हणजे मी दीड वर्षाचा नव्हतो," म्हणाला. "एक वर्ष दोन महिन्यांचा होतो."

आम्ही सगळे इतकी वर्षं दीड वर्ष, दीड वर्ष म्हणत आलो होतो. खरं तर त्याला सगळं माहीत होतं. गावात कुणी काही झाकून ठेवू देत नाही. दहाएक वर्षांचा असताना सुट्टीत गावी आलो होतो, तेव्हा कुणीतरी त्याला सांगितलं, तो घरी आला, मला बिलगला, आणि त्यावर आमच्यात एक शब्द झाला नाही. ना तेव्हा, ना कधी. त्या पायरीवर तो पहिल्यांदा बोलला.

"ती मला पाजत होती का गं तेव्हा?"

"पाजत होती. डोळे हळदीसारखे पिवळे झाले तरी पाजत होती. शेवटी मीच तुला तिच्याजवळनं ओढून काढलं."

तो उठला आणि म्हाताऱ्यांसाठी चहा सांगायला गेला. मी बसून राहिले. मला आक्काचा इतका राग आला, आणि मग त्या रागाची लाज वाटली.

तालुक्याचा आदेश यायला पाच महिने लागले. आक्काच्या मरणाचा दाखला हातात आला तेव्हा मी तो देवापाशी ठेवून हळदकुंकू वाहिलं. सून म्हणाली, "आई, मरणाच्या दाखल्याला कुणी हळदकुंकू वाहतं का?" मी म्हणाले, "सवाष्ण गेली होती ती." मग राहिलं एकच, मुलाचं प्रतिज्ञापत्र.

कोर्टाच्या बाहेर टायपिंगवाले बसतात. एकाला सगळं सांगितलं, त्यानं खटाखट टाइप करून वाचून दाखवलं. "अर्जदार ही माझी सावत्र आई असून..."

"सावत्र नको," मुलगा म्हणाला. "नुसतं आई लिहा."

टायपिंगवाला वैतागला. "अहो भाऊ, खाली लिहिलंय तुमची आई अमुक तारखेला वारली. वर हीच आई म्हणून लिहिलं तर मेली कोण?"

"ते मला माहीत नाही. सावत्र काढा."

"काढलं तर कागद परत येणार. माझं काय जातंय."

मुलगा तिथून उठला तो थेट गाडीपाशी जाऊन उभा राहिला. मी मागं गेले. म्हटलं, "चल, सही कर."

"मला नाही जमणार आई. मी तुला असं कधी म्हटलंय का?"

"म्हणू नकोस. नुसती सही कर."

"नको ना ती पेन्शन. मी आहे ना. काय कमी केलंय मी?"

आणि तिथं, भर रस्त्यात, माझा तोल गेला. "मी पस्तीस वर्षं दुसरीच्या नावावर काढली! माझी पोटातली पोरं तिच्या नावावर गेली! आणि तुला एक शब्द लिहायला जड जातंय? लिही, मेल्या! लिही की ही माझी सावत्र आई आहे!"

लोक बघायला लागले. तो खाली मान घालून माझ्यापुढनं चालत गेला. आत प्रतिज्ञापत्रावर शिक्का मारणाऱ्या साहेबांनी त्याला सहीआधी सांगितलं, काय लिहिलंय ते मोठ्यानं वाचा, कबूल आहे म्हणा. त्यानं वाचलं. तो शब्द त्यानं गाळला, साहेब म्हणाले नीट वाचा, त्यानं परत वाचलं. "कबूल आहे," म्हणाला.

पेन्शन मंजूर व्हायला नंतर वर्ष लागलं. कागद आला. त्या ओळीत बायको म्हणून माझं नाव, माझी जन्मतारीख, कुठं खाडाखोड नाही. मी तो तीनदा वाचला. शेजारणीला दाखवला, हवालदारसाहेबांना पेढे नेऊन दिले. खोटं कशाला बोलू, आनंद झाला मला.

पण घरात एक झालंय. सून कंपनीत जाते, दोघांचे डबे मीच करते. पूर्वी निघताना मुलगा दारातनं ओरडायचा, "आई, डबा!" आता आत येतो, ओट्यावरचा डबा स्वतः उचलतो. रागावलेला नाही, मला कळतं. उलट पूर्वीपेक्षा मऊ बोलतो, औषधं न विसरता आणतो. पण कोर्टातल्या त्या दिवसापासून त्यानं मला हाक मारलेली नाही. "येतो," म्हणतो. मी गॅस बारीक करून थांबते. तो दारापर्यंत जातो, चप्पल घालतो, गाडी चालू करतो आणि जातो.