चढाला लागणारा लाल दिवा

चार माणसं चहाला बसली की कुणीतरी म्हणतंच, "तात्या, त्या लाल दिव्याचं सांगा." दिवा एकच, गाडीही एकच. पण किस्से एवढे साचलेत की आधी कुठला काढावा ते मलाच कळत न्हाय. शाळा मी शिकलो नाही. हात काळे करून जेवढं कळलं तेवढं सांगतो.

दुष्काळाचं साल होतं. धाराशिवला एका सहकारी संस्थेच्या गॅरेजात मी मेकॅनिक होतो. संस्थेनं ट्रकवर लोखंडी टाक्या बसवून खेड्यांना पाणी पोचवायचं काम घेतलं होतं. त्यातल्या एका नव्या गाडीला स्टिअरिंगपुढं लाल दिवा होता. इंजिनात ऑइलचं प्रेशर कमी झालं की तो लागायचा. जुन्या गाड्यांना असलं काही नव्हतं. ड्रायव्हर नामदेवनं पहिल्याच दिवशी त्याच्यावर चिकटपट्टी लावली.

"का रं, नामदेव?"

"तात्या, म्या रस्ता बघू का ह्याच्याकडं बघू? सारखं डोळं वटारतंय."

*

संस्थेच्या साहेबांनी ती पट्टी बघितली, काढायला लावली आणि हुकूम काढला : दिवा लागत असेल तर गाडी पुढं न्यायची नाही. हुकूम चांगलाच होता. दुसऱ्या दिवशी स्वतः तपासायला आले. किल्ली फिरवली, दिवा लागला.

"गाडी उभी करा."

म्हटलं, "साहेब, इंजिन बंद असताना तो लागतोच. चालू करा, विझंल."

"आधी विझव. मग चालू करतो."

दोन दिवस गाडी उभी. टाकी काठोकाठ भरलेली, आणि तिकडं खेड्यांत घागरींची रांग.

*

तिसऱ्या दिवशी सोलापूरहून इंजिनिअर आणला. गाडीखाली शिरायच्या आधी टाकी रिकामी करा म्हणाला. ते पाणी साहेबांच्या लिंबोणीच्या आळ्यात सोडलं. त्या वर्षी जिल्ह्यात तेवढं एकच झाड हिरवं असंल.

मी सांगितलं, "ऑइल बघितलंय, बरोबर हाय."

"किती शिकलास?"

"शाळंत गेलो न्हाय."

"मग लांब उभा राहा."

त्यानं पुस्तक चाळलं आणि बॅटरीची वायर काढली. दिवा विझला. 'दोष दूर केला' असं लिहून, चहा पिऊन गेला. त्याची जीप वळणाआड झाली तशी मी वायर परत जोडली आणि नामदेवला म्हटलं, "जा आता."

*

खरा दोष पुढं निघाला.

बेंबळीच्या पुढं एक गाव आहे. नाव सांगत नाही, तिथली माणसं अजून आहेत. टँकर गावच्या विहिरीत रिकामा व्हायचा. त्या विहिरीवर आमच्या बौद्ध वस्तीच्या बायांना घागर लावता येत नव्हती. लांब उभं राहायचं, कुणी वाढलं तर घ्यायचं. म्हणून अर्धं पाणी वस्तीवरच्या हौदात टाकायचं ठरलं होतं. वस्ती चढावर. माझी थोरली बहीण तिथंच दिलेली.

पण गाडी काही वर जाईना. एक दिवस आक्का एस.टी.नं गॅरेजात आली. पाणीसुद्धा न पिता म्हणाली, "तू गाड्या नीट करतूस म्हनं. मग त्या चढाला एक गाडी येईना व्हय?"

नामदेवला विचारलं. तो म्हणाला, "चढाला लागलं की दिवा लागतोय, तात्या. साहेबांचा हुकूम हाय. सरपंच बी म्हणले, हुकूम मोडू नगं, सगळं पाणी इथंच विहिरीत वत."

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या शेजारी बसून गेलो. चढाला दिवा लागला. नामदेव खोटं बोलत नव्हता. गाडी मागं घेतली, ऑइल मोजायची सळई काढून बघितली. भरपूर. मग ऑइल कमी झालं की दिवा लावणारा जो स्विच इंजिनावर असतो, त्याची वायर सोडवून ठेवली आणि म्हटलं, "घे वर." वायर सुटलेली, तरी दिवा लागला! म्हणजे ऑइलचा काही संबंधच नव्हता. चढाला इंजिन जोर खातं, जरा कलतं, आणि ती वायर लोखंडाला घासते, की दिवा लागला. एका जागी तिचं साल निघालं होतं. एवढाच दोष. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळली, सुतळीनं बांधली, वायर परत लावली. अर्धी विडी ओढून व्हायच्या आत काम झालं.

गाडी वर गेली. दिवा लागला नाही. हौदात पाणी पडायला लागलं तशा बाया घरातून पळत आल्या. आक्कानं पहिला तांब्या मला दिला.

*

दोन दिवस गाडी वस्तीवर गेली. तिसऱ्या दिवशी सकाळी नामदेव गॅरेजात आला आणि माझ्या हातात चिठ्ठी ठेवली. सरपंचाची तक्रार, खाली आमच्या साहेबांची सही. मला वाचता येत नाही, म्हणून कारकुनानं वाचली : 'गाडीचा दिवा नादुरुस्त झाला आहे. पूर्वी लागत होता, आता लागत नाही. तातडीने दुरुस्त करून द्यावा.'

मी नामदेवला विचारलं, "किल्ली फिरवल्यावर लागतो का?"

"लागतो."

"इंजिन चालू झालं की विझतो?"

"विझतो."

"मग अजून कवा लागाया पायजे?"

नामदेव चपलेनं जमीन उकरत उभा होता. वर न बघताच म्हणाला,

"चढाला, तात्या."