फुटलेलं ताक

पातेल्यात चाकवत एकीकडे, पाणी एकीकडे आणि मधे ताकाच्या पांढऱ्या कण्या, असं दृश्य काल मी स्वतःच्या हातानं घडवलं. दुखण्यातून उठत असलेल्या बायकोनं आठवडाभरात पहिल्यांदाच काही खायला मागितलं होतं: ताकातला चाकवत. मी शिजलेल्या भाजीत ऐटीत ताक ओतलं, गॅस मोठा केला आणि आतून हाक आली, "अहो!" धावलो. तिला फक्त उशी सरकवून हवी होती. परत येईपर्यंत ताक फुटलं होतं. पुन्हा आत जाऊन तिला सांगितलं.

"उकळी येईपर्यंत ढवळत राहायचं असतं," ती म्हणाली. "कुणी कितीही हाका मारल्या तरी."

तीस वर्षं मी बाहेरच्या खोलीतून चष्म्यासाठी, किल्लीसाठी हाका मारल्या. ती ओ देत नाही म्हणून तिला बहिरी ठरवून पाहुण्यांसमोर हशे वसूल केले. त्या प्रत्येक वेळी आत काहीतरी फुटू नये म्हणून ती ढवळत उभी असेल, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नाही.

तशीच वाटी भरून नेली. तिनं एक चमचा तोंडात घेतला.

"फुटलंय," ती म्हणाली. "पण हाकेसरशी आलात, म्हणून खाते."

आणि वाटी संपवली.