राखाडी सरदाराचा कोट

आमची ही बावीस वर्षं लोकांच्या पँटी आखूड करते आहे. तयार कपड्यांच्या एका मोठ्या दुकानाची मागची खोली, खिडकी नाही, एक शिलाई मशीन, एक इस्त्री आणि खुंट्यांवर लटकलेल्या पँटी. ह्या कामाची गंमत अशी की ते चांगलं झालं तर कुणाला दिसत नाही. दिसलं म्हणजे बिघडलं. तीन वर्षांपूर्वी थिएटरच्या कपडेपटात एखादी जागा आहे का म्हणून ही विचारायला गेली होती. तिथल्या मुख्य बाई म्हणाल्या, "तुमचं काम दाखवा." आता काय दाखवणार, आखूड केलेली पँट? तशीच परत आली, चपला काढता काढता म्हणाली, "दाखवायला काहीच नाही हो माझ्याकडे." त्या दिवशी मी नळावर ओरडलो, पंख्यावर ओरडलो, कुणावर तरी ओरडायला हवंच होतं. मी तापट माणूस आहे. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे कुणी दचकायला नको.

ह्या वर्षी दुकानाने कळवलं की महिनाअखेर मागची खोली बंद. पँटी आता बाहेर कुठल्या तरी कारखान्यात जाणार. ही दोन दिवस चहात साखर घालायची विसरली. मी तो चहा मुकाट्याने प्यायलो, ह्यावरून काय ते समजा.

आणि त्याच आठवड्यात आमची लेक बातमी घेऊन आली. ती औषधांच्या दुकानात कामाला आहे आणि उरलेला सगळा वेळ सिनेमात असते. गावातल्या मोठ्या हॉलमध्ये स्पर्धा होती. सिनेमातला कुठलाही पोशाख घरी शिवायचा, पण अगदी पडद्याबरहुकूम. बटण इकडचं तिकडे चालणार नाही. शिवणारा एकच असला पाहिजे, घालणारा कुणीही चालेल. आणि परीक्षक कोण, तर त्याच कपडेपटाच्या मुख्य बाई. "आई, त्यांना तिथे एक माणूस हवाय," लेक म्हणाली. "त्या स्पर्धेतूनच शोधणार आहेत. पहिल्या येणाऱ्याला बोलावणार."

हिने हातातली भाजी खाली ठेवली. "घालणार कोण?"

दोघी वळून माझ्याकडे बघायला लागल्या.

त्या महाशक्तीवाल्या सिनेमांत एक खलनायक आहे, राखाडी सरदार. सहा फूट उंच, काटकुळा, नाक लांब, तोंडावर कायम आठ्या. लेक म्हणाली, "बाबांना नुसतं उभं करायचं, अभिनय शिकवायला नको." मला राग यायला हवा होता, पण खरं सांगतो, आतून गुदगुल्या झाल्या. आयुष्यात कुणी मला कशासाठी निवडलं नव्हतं. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग, तशी माझी गत झाली; मी संध्याकाळीच विचारलं, "माप कधी घेतेस?"

मी वीज कंपनीत मीटरचे आकडे वाचतो. एक आकडा चुकला की लोक भांडायला दारात येतात, म्हणून नजर पक्की झालेली. ते काम मी उचललं. सिनेमा लावायचा, थांबवायचा, वहीत लिहायचं. कोटाला डावीकडे अकरा बटणं, उजवीकडे नऊ. पट्ट्यावर चार पोचे, त्यातला एक खोल. कॉलर कानाच्या पाळीपर्यंत. मी मोजायचो, ही शिवायची. बावीस वर्षं हिच्या वाट्याला पँटीचा खालचा वीतभर भाग आला होता, आता आख्खा माणूस मिळाला. स्वयंपाकघराच्या ओट्यावर खडूने आखलेलं कापड, फ्रिजवर कागदी नमुने, खुर्चीवर बसायचं तर आधी टाचण्या बघायच्या. ही कात्री चालवताना गुणगुणायला लागली. माझ्या ऐकण्यात ती गेल्या कित्येक वर्षांत गुणगुणली नव्हती.

छातीवरचं चिलखत लेकीच्या व्यायामाच्या चटईतून निघालं. म्हणजे लेक सकाळी व्यायामाला उभी राहिली तेव्हा चटईला छातीच्या आकाराचं भोक होतं. तिने थोडी कुरकुर केली, मग स्वतःच केस वाळवायचं यंत्र आणून चटईचा तुकडा गरम करून दिला. मुखवटा उपड्या पातेल्यावर दाबून बसवला. पातेल्याला नाक नव्हतं, तेवढ्यापुरता मी. गरम फोम नाकावर दाबून धरला होता आणि ही म्हणत होती, "हलू नका, हलू नका, बोलू तर मुळीच नका." लेकीने त्याचा फोटो काढून ठेवलाय. तो मी बघणार नाही.

कोटाचा खालचा काठ जळका हवा होता. आधी साध्या पॉलिएस्टर कापडाचा तुकडा मेणबत्तीवर धरून बघितला, तो जळायच्या ऐवजी वितळून त्याचे गोळे झाले. मग जुन्या बाजारातून दोन लोकरीचे कोट आणले आणि दोघांचा मिळून एक केला. लोकर झकास काळवंडली आणि घरभर जळक्या केसांचा वास सुटला. समोरच्या मावशींनी दार वाजवलं, काय करपलं म्हणून. मी मुखवट्यासकट दार उघडलं. मावशी आठवडाभर फिरकल्या नाहीत.

सात आठवडे असे गेले. घरात भांडण झालं नाही असं नाही, रोज झालं, पण ते कोटावरून झालं. बटण मॅट की चमकतं, ह्यावर आम्ही दोघं तासभर वाद घालायचो. एकदा ही मध्येच थांबून हसत म्हणाली, "आपण इतकं कधी बोललो होतो हो?"

स्पर्धा रविवारी होती. शनिवारी दुपारी मी सगळा साज चढवून खिडकीशी उभा राहिलो. लेक फोनवर तो एकच प्रसंग लावून समोर धरून होती, ज्यात सरदार उन्हात येतो. बाकी सिनेमाभर मेला अंधारात आणि राखेत फिरतो. मी फोन बघायचो, आरसा बघायचो, वहीवर खुणा करायचो. बटणं बरोबर. पोचे बरोबर. कॉलर बरोबर. उजवा खांदा.

मी लेकीच्या हातातून फोन ओढून घेतला.

सिनेमात असं आहे की आगीत सरदाराचा उजवा हात जळून निकामी होतो. मग तो जळका कोट स्वतःच डाव्या हाताने शिवतो, खांद्यावर चामड्याचं ठिगळ लावून. ती शिवण वाकडी आहे. एक टाका लांब, एक आखूड, मध्येच खाली घसरलेली. त्या शिवणीतच त्या माणसाचा सगळा राग आहे. मी वहीत लिहून दिलं होतं, "खांदा, हाताची शिवण, वाकडी, चौदा टाके." आणि माझ्या खांद्यावर चौदा टाके होते, पट्टी लावून आखल्यासारखे.

"अगं, हे काय केलंस?"

ही चष्मा लावून जवळ आली. "कुठे काय? सरळ तर आहे."

"तेच सांगतोय ना मी, सरळ आहे."

ती वही बघत राहिली, फोन बघत राहिली. वाचलं होतं तिने. वाकडी हे तिला कळलंही होतं. पण बावीस वर्षांचा हात; वाकडं समोर आलं की तो सरळ करून मोकळा होतो, डोक्याला विचारायला थांबत नाही. मी ओरडलो. इतक्या दिवसांची मेहनत, कपडेपट, सगळं एका खांद्यापायी जाणार म्हणून ओरडलो. ती ओरडली नाही. खाली बसली आणि टाके उसवायला लागली.

मग आमचा खरा तमाशा सुरू झाला. हिने चामड्याच्या उरलेल्या तुकड्यावर वाकडं शिवायला घेतलं, चौथ्या टाक्याला ओळ सरळ झाली. उसवलं. डोळे मिटून शिवलं, सरळ. उसवलं. डाव्या हाताने शिवलं. हळू झालं, पण सरळ. लेकीने तिचा कोपर मध्येच हलवला, तर सुई थांबली, वाट बघितली आणि होती तिथेच घुसली. जित्याची खोड म्हणतात ती ही. शेवटी हिने मुद्दाम मोजून एक लांब एक आखूड असे टाके घातले. ते इतके नेमाने वाकडे आले की नक्षी वाटायला लागली. हिच्या डोळ्यांत पाणी आलं. "एवढं सोपं काम," ती म्हणाली, "आणि मला येत नाही."

मी म्हटलं, "आण तो कोट इकडे."

मी जन्मात सुई धरली नव्हती. ओवण्यातच पाच मिनिटं गेली, शेवटी लेकीने ओवून दिली. चामडं टणक, सुई बोटात आधी आणि ठिगळात नंतर. मी शिव्या घालत होतो, घामाघूम झालो होतो, एक टाका लांब गेला, पुढचा आखूड, सातव्याला ओळ खाली घसरली. चौदावा घातला आणि मान वर केली तर दोघी तोंडावर हात धरून बसलेल्या. लेकीने फोन शेजारी धरला. हुबेहूब. सरदाराने स्वतः शिवावं तसं. आम्ही तिघंही इतके हसलो की मावशींनी पुन्हा दार वाजवलं.

हसून झाल्यावर ही म्हणाली, "पण शिवणारा एकच हवा असा नियम आहे."

"वीतभर शिवण आहे. कोण विचारतंय?"

तिने कोट खुंटीला लावला. मला वाटलं, पटलं.

रविवारी हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. चमकते नायक, पंखवाले नायक, एक आख्खा यंत्रमानव दारात अडकलेला. राखाडी सरदार माझ्याशिवाय आणखी चार. मी त्या चौघांकडे असं बघितलं की दोघं रांग सोडून मागे गेले. पोरं माझ्यासोबत फोटो काढत होती. ही बाजूला ब्रश घेऊन उभी होती, माझ्या कोटावरची नसलेली धूळ झटकत.

मुख्य बाई आल्या. साठीच्या, बुटक्या, चष्मा कपाळावर. त्यांनी बटणं मोजली. कॉलर बघितली. काठाचा वास घेतला. मग खांद्याशी आल्या आणि चष्मा खाली ओढला.

"ही शिवण कशी केलीत?" त्यांनी हिला विचारलं. "इथे पाच सरदार आहेत. बाकीच्यांची शिवण मोजून वाकडी केलेली आहे. ही खरी वाटते."

आता फक्त 'सराव केला' म्हणायचं होतं. दोन शब्द. मी मनातल्या मनात ते दोन शब्द तिच्याकडे ढकलत होतो.

ही म्हणाली, "ती मी नाही शिवली. ह्यांनी शिवली. मला सरळच येतं."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "मग तुम्ही स्पर्धेतून बाद. नियम आहे."

तेल गेलं, तूप गेलं. मी मुखवटा ओढून काढला. "अहो बाई, सात आठवडे राबलीये ती. चौदा टाके माझे, बाकी सगळा कोट तिचा. आत बघा की जरा." आवाज हॉलभर गेला असावा, कारण यंत्रमानवसुद्धा वळला.

"ओरडू नका, सरदार," बाई शांतपणे म्हणाल्या. "कोट काढा."

मी काढला. त्यांनी तो उलटा केला. अस्तर बघितलं, बाह्या कशा बसल्यात ते बघितलं, दोन कोटांचा जोड शोधायचा प्रयत्न केला आणि त्यांना तो सापडला नाही. "जोड कुठाय?" त्यांनी विचारलं. हिने बोट ठेवलं तेव्हा कळला. मग त्या पुन्हा ठिगळाशी आल्या आणि ते उजेडात धरलं. चामड्याला सुई लागली की भोक बुजत नाही. आम्ही बुटाच्या पॉलिशने झाकली होती भोकं, पण तिरप्या उजेडात ती दिसत होती. माझ्या वेड्यावाकड्या टाक्यांच्या मधून चौदा बारीक ठिपके, एका रेषेत, एका अंतराने. हिची आधीची शिवण.

बाईंनी त्यावरून अंगठा फिरवला. "हे मशीनने?"

"हाताने."

बाईंनी कोट सुलटा करून माझ्या हातात दिला. "वाकडं शिवणारे माझ्याकडे पाच जण आहेत," मग त्या म्हणाल्या. "तेही न सांगता. बक्षीस तुम्हाला नाही देता येणार. पण कपडेपटात कुणाला घ्यायचं ते माझं मी ठरवते. उद्या नऊला या."

मला वाटलं ही आता रडेल, नाहीतर बाईंचे हात धरेल. हिने दोन्ही केलं नाही. बावीस वर्षांची सवय कुठे जाते. "साडेनऊ चालेल का?" ती म्हणाली. "सकाळी ह्यांचा डबा असतो."

"नऊला येईल ती," मी म्हणालो. "डबा मी करीन. दोघांचा."